१९४९ सालचा आठवडी बाजार आम्ही पुन्हा भरवला, त्याची हकिकत

मे २०२३ मध्ये आमच्या गावात दोन संध्याकाळ जुन्या पेहरावातला बाजार भरला. तेव्हापासून देवणी, औसा, पार जिंतूरहून लोक विचारतात, की परवानग्या कुठून घेतल्या, कपडे कुठं मिळाले, खर्च किती आला. दरवेळी फोनवर तुकड्यातुकड्यात सांगणं होतं, म्हणून एकदा सगळं सलग लिहिते. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं आणि नगरपालिकेचं. ग्रामपंचायतीच्या गावात काही कागद वेगळे लागतील, पण वाट साधारण हीच.

कल्पना निघाली डिसेंबर २०२२ मध्ये, वाचनालयाच्या बैठकीत. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष चालू होतं. भाषणं आणि प्रभातफेऱ्या होणारच होत्या. आम्हाला वाटत होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची लेकरं आजोळी येतात, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, तेव्हा सगळ्या गावाचं म्हणून काहीतरी व्हावं. जुन्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतच्या रस्त्यावर बाजार भरवायचा आणि विकणारे, घेणारे सगळे जुन्या पेहरावात, इथपर्यंत एकमत झालं. पुढे प्रश्न आला, जुन्या म्हणजे कधीच्या?

बहुतेकांच्या तोंडी शिवकाळ होता, कारण नाटकाचे तसले कपडे भाड्यानं मिळतात. आमच्या इतिहासाच्या सरांनी एकच विचारलं, "बाजार कोणत्या सालचा? साल सांगा, मग मी काय विकायचं ते सांगतो." त्या एका प्रश्नानं पुढचं सगळं काम सोपं केलं. आम्ही साल धरलं १९४९, महिना वैशाखाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली होती, हैदराबाद राज्यावर मेजर जनरल चौधरींचं लष्करी प्रशासन होतं, लातूर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. मुख्य म्हणजे तो बाजार डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात अजून आहेत. तुम्ही असं काही करणार असाल तर सगळ्यात आधी साल ठरवा. साल ठरलं की कपडा, भाव, मापं, पाट्या आपोआप ठरतात आणि सरकारी अर्जातही चार ओळींत सांगता येतं की नेमकं काय होणार आहे.

जानेवारी आणि फेब्रुवारी आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर घालवले. त्या काळी बाजारात दोन नाणी चालायची, हैदराबादचा हाली रुपया आणि इंग्रजी राज्यातला कलदार. सहा कलदारांना सात हाली, हा हिशोब तेव्हाच्या पोरासोरांनाही तोंडपाठ. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येत असल्यानं इंग्रजी हद्दीतल्या बार्शीकडचा माल आणि कलदार दोन्ही इकडं उतरायचे. धान्य मापानं मिळायचं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पितळी शेर आणि मापटी अजून घरोघरी माळ्यावर होती. कपड्यांचं मात्र तसं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्याकडचे कितीतरी माळवदाचे वाडे बसले आणि पेट्यांमधली लुगडी, शेरवान्या, फोटो मातीखाली गेले. एका आज्जींनी सांगितलं, त्यांच्या सासूबाईंचं टोपपदरी इरकल ढिगाऱ्यातून निघालं ते फाटकं, तरी त्यांनी त्याची गोधडी केली. ती गोधडी त्यांनी आम्हाला उलगडून दाखवली. काठाचा लाल रंग तेवढा शाबूत होता. आमच्या शिंप्याला आणि लुगडी आणणाऱ्या बायकांना काठ कसा हवा ते त्या गोधडीवरून कळलं.

बायकांसाठी सुती इरकल आणि खणाच्या चोळ्या सोलापूरहून आणल्या. पुरुषांचं धोतर, बंडी आणि डोक्याला पटका. गांधी टोप्या वेगळ्या. उदगीरला तिरंग्याचं कापड विणणारं खादी केंद्र आहे, बंडीची खादी तिथून आणली. मांजरपाट इथल्याच दुकानात मिळाला. शेरवानी आणि रुमी टोपी दोन घरांनी जपून ठेवलेली होती, त्यांनी ती अंगावर घालून स्वतःच यायचं कबूल केलं. कपड्यांवर चाळीस हजारांच्या आसपास गेले. भाड्यानं आणले असते तर कमी लागले असते, पण भाड्याचा चकचकीत जरीचा कपडा त्या बाजारात शोभला नसता, असं माझं ठाम मत आहे.

आता कागदांचं सांगते, कारण लोक तिथंच धास्तावतात. मीही धास्तावले होते.

पहिली गोष्ट, अर्ज कुणाच्या नावानं करायचा. आमचं वाचनालय नोंदणीकृत आहे, त्यामुळं लेटरहेड, ठराव, बँक खातं आणि देणगीची पावती सगळं तयार होतं. चार मित्रांनी मिळून करायचं ठरवलं असेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. नोंदणी असलेली संस्था गावात असेल तर तिलाच पुढं करा, वेळ वाचतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेत अर्ज दिला. तेव्हा निवडणुका झालेल्या नसल्यानं तिथं प्रशासक होते, म्हणजे सही एकाच टेबलावर. अर्जाला रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा जोडला. विक्रेत्यांची पालं, म्हणजे ताडपत्रीचे छोटे तंबू, कुठं, पाण्याचे रांजण कुठं, अग्निशमनाची गाडी आत कुठून येईल, स्वच्छतागृह कुठं, हे सगळं त्यात दाखवलं. हा नकाशा नंतर प्रत्येक ठिकाणी मागितला गेला, त्यामुळं त्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा. नगरपालिकेला पोलिसांचा अभिप्राय हवा होता आणि पोलिसांना नगरपालिकेचं ना-हरकत. अशी गाठ सगळीकडेच पडत असेल. सुटली ती अशी: आवक विभागातल्या ताईंनी सुचवलं, की अर्जातच "पोलीस ठाण्याचा अभिप्राय मागवून परवानगी मिळावी" अशी ओळ घाला. मग पालिकेनंच पोलिसांना पत्र धाडलं आणि त्याची प्रत आम्हाला दिली. ती प्रत हातात असली की ठाण्यात बोलणं सोपं जातं.

ठाण्यातल्या साहेबांनी तीन गोष्टी नीट विचारल्या. रस्ता बंद राहणार तर वाहतूक कुठून? त्यासाठी वाहतूक वळवण्याचा आदेश वरच्या कार्यालयातून येतो, तेव्हा किमान महिनाभर आधी अर्ज हवा. आवाज किती? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही आणि दवाखान्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. आमच्या ठरलेल्या रंगमंचाच्या मागच्या गल्लीत प्रसूतीचा दवाखाना आहे, म्हणून रंगमंच पाराकडं हलवला आणि बाजार साडेनऊलाच आटपायचं ठरवलं. तिसरं, हत्यारं. तालमीतल्या पोरांना दांडपट्टा दाखवायचा होता. नऊ इंचांहून लांब पात्याचं हत्यार मिरवणं शस्त्र कायद्यात बसतं, त्यामुळं पोरांनी लाकडाचे पट्टे केले.

नाण्यांचाही एक कायदेशीर मुद्दा निघाला. आमच्या मनात होतं, हाली नोटांसारख्या नोटा छापाव्यात. वाचनालयाचे सभासद असलेल्या वकीलसाहेबांनी ताबडतोब थांबवलं. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४८९ ई खाली गुन्हा होता (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली), आणि धातूची नाणी तर पाडायचीच नाहीत. शेवटी जाड पुठ्ठ्याचे गोल बिल्ले केले. एका बाजूला वाचनालयाचं नाव, दुसऱ्या बाजूला "हाली" किंवा "कलदार". दहा रुपयांना एक कलदार, पालांवरचे भाव सगळे हालीत.

वीज तात्पुरत्या जोडणीवर घेतली. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि अनामत धरून साधारण नऊ हजार भरले. खाण्याच्या पालांसाठी बचत गटाच्या बायकांची अन्न नोंदणी केली. छोट्या विक्रेत्यांना तेव्हा, २०२३ मध्ये, वर्षाला शंभर रुपये फी होती, अर्ज ऑनलाइन. आधारकार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर काम होतं, पण फोटोची साइज जास्त झाली की अर्ज अडतो, म्हणून सगळ्यांचे फोटो एकाच दिवशी एकाच मोबाइलवर काढून घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र दिलं, त्यांनी एक परिचारिका आणि ओआरएसची पाकिटं दिली.

बैलगाड्यांचा मुद्दा मला फार जवळचा आहे. गावातल्या दोन शेतकऱ्यांनी बैलजोडी आणायचं कबूल केलं होतं आणि काही जणांना दुपारी चार तास गाडीफेऱ्या हव्या होत्या. ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम स्पष्ट आहेत. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला जुंपायचं नाही. मे महिन्यात आमच्याकडं दुपारी पारा चाळीसच्या आसपास असतो. त्यामुळं गाड्या संध्याकाळी सहानंतरच आणि फेरीही वेशीपर्यंतच ठेवली. पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावरांचे आरोग्य दाखले घेतले. बैलांच्या मालकानं नियम ऐकून मान हलवली. "कायद्यात हाय ते बरं हाय. मी तर नाहीच जुंपणार होतो," असं म्हणाले.

सगळे अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेले होते. मग वाट बघणं सुरू झालं. एका कार्यालयात आमची फाइल महिनाभर हललीच नाही. तिथं रोज फेऱ्या मारण्यापेक्षा आवक क्रमांक घालून आठवड्याला एक साधं स्मरणपत्र देत गेलो आणि प्रत्येकाची पोच घेतली. राग येत नव्हता असं नाही. लुगडी येऊन पडलेली, लोक रस्त्यात थांबवून विचारत होते, "ताई, होणार ना नक्की?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्री झोप उडायची. शेवटचा आदेश ४ मे ला हातात पडला.

त्याच काळात दोन गोष्टी गावातच ठरवायच्या होत्या आणि त्या कागदांपेक्षा अवघड होत्या.

काही तरुणांना निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या छाप्याचं नाटुकलं करायचं होतं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करत होता, त्यामुळं तो काळ आमच्या भागात अजून घरातल्या गोष्टींमध्ये जिवंत आहे. नाटकाची संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडं मंजुरीला पाठवावी लागते, तो वेळ नव्हताच. पण खरं कारण वेगळं होतं. त्या बाजारातले बागवान, मण्यार, अत्तार, तांबोळी या मुस्लिम विक्रेत्यांची नातवंडं आज आमच्या शेजारी राहतात आणि तीच पालं मांडणार होती. शेवटी वाचनालयात मुक्तिसंग्रामावरचं पुस्तक प्रदर्शन ठेवायचं आणि बाजारात बाजारच ठेवायचा, असं ठरलं. पाट्या मराठीत आणि उर्दूत लिहिल्या. "उर्दू कशाला?" असं एकानं विचारलं, तेव्हा सरांनी त्याच्याच घरचं १९४० च्या दशकातलं खरेदीखत आणायला लावलं. ते उर्दूत होतं. उर्दू शाळेतल्या निवृत्त गुरुजींनी ते वाचून दाखवलं आणि पाट्याही त्यांनीच रंगवल्या.

दुसरी गोष्ट पोतराजाची. यादीत वासुदेव, गोंधळी, पोतराज, बहुरूपी अशी सोंगं होती आणि ती कॉलेजच्या मुलांनी घ्यायची होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा बैठकीला आला. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आज्यानं अंगावर आसूड ओढून घेतला तो पोटासाठी. त्याचं सोंग करू नका." बैठकीत कुणीच काही बोललं नाही. सोंगांची यादी आम्ही त्याच दिवशी काढून टाकली. ज्यांची कला आहे अशा गोंधळी आणि भारुडाच्या मंडळींना रीतसर मानधन देऊन रंगमंचावर बोलावलं. कुणीही कुणाच्या जातीचा, भीक मागण्याचा वेश करायचा नाही, हा नियम लेखी केला. जुना काळ उभा करताना त्यातला अपमान पुन्हा उभा करायचा नसतो. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही, आणि तुम्हीही ही चर्चा आधीच करून घ्या.

एप्रिलच्या अखेरीस अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. मग लगीनसराईत मांडववाल्यानं चार दिवस आधी कळवलं, की त्याचा माल दुसऱ्या कार्यात अडकला आहे. त्याचा आम्हाला फायदाच झाला. १९४९ च्या बाजाराला मांडव नव्हता, पालंच होती. बांबू आणि ताडपत्री घेऊन आठवडी बाजारात बसणाऱ्या मावशींनीच आमच्या पोरांना पालं ठोकायला शिकवलं. वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री खाली घ्यायची आणि दोर दगडाला बांधायचा, खुंटीला नाही, कारण डांबरी रस्त्यात खुंटी जात नाही.

बाजार १३ आणि १४ मे ला, शनिवारी आणि रविवारी, संध्याकाळी पाच ते साडेनऊ. पहिल्या दिवशी पाच वाजता ऊन इतकं होतं की रस्ता रिकामा होता. पोटात खड्डा पडला. सहानंतर मात्र बायका लुगडं नेसून घोळक्यानं यायला लागल्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन आज्जी पोरींना नेसवत होत्या. ओचा आधी, मग काष्टा, पिना एकही नाही. "चाललीस तरी सुटत नाही, पळालीस तरी सुटत नाही," असं म्हणत त्या पोरीला खोलीभर पळवून बघायच्या आणि मगच बाहेर सोडायच्या.

सगळ्यात जास्त गर्दी कलदाराचे हाली करून देणाऱ्या सराफाच्या टेबलाशी होती. तिथं ऐंशी ओलांडलेले एक अप्पा पटका बांधून बसले होते. पुढं बिल्ल्यांच्या चळती. सातवीतल्या एका मुलीनं तीन कलदार पुढं केले. अप्पांनी हाली दिले नाहीत, तिलाच विचारलं, "सांग की, किती देऊ?" तिनं बोटं मोडली, मागं आईकडं पाहिलं, आणि म्हणाली, "साडेतीन." "म्हणजे?" "तीन रुपये आठ आणे." अप्पांनी तीन बिल्ले आणि एक अर्धा बिल्ला तिच्या हातावर ठेवला. नंतर कुठल्याही मुलाला हिशोब केल्याशिवाय त्यांनी बिल्ला दिला नाही, आणि रांग वाढली तरी कुणी कुरकुर केली नाही.

खाण्यात धपाटे, येसराची आमटी, पानचिंचोलीच्या चिंचेचं सार, पन्हं, ताक आणि गोटी सोडा. पाण्याच्या बाटल्या विकायला ठेवल्या नाहीत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. जागोजाग रांजण ठेवले, टँकर पालिकेनं दिला, आणि प्रत्येक रांजणाजवळ ओगराळं घेऊन एक मूल बसवलं, म्हणजे पेला धरलेला हात पाण्यात जात नाही. मापट्यानं ज्वारी आणि तूरडाळ विकणारं पाल रविवारी आठलाच रिकामं झालं. कल्हईवाल्या चाचांकडं लोकांनी घरची पितळी भांडी आणून दिली, ती कामं त्यांना पुढं आठवडाभर पुरली.

रात्री बिल्ल्यांचा हिशोब. पालवाल्यांनी हालीच्या सात-सातच्या चळती लावून आणायच्या, एका चळतीला साठ रुपये, उरलेल्या सुट्ट्या हालीला साडेआठ. हे आधी लिहून वाटलं होतं म्हणून वाद झाला नाही. पालाचं भाडं दोन दिवसांचं तीनशे, कारागिरांना माफ. एकूण खर्च दोन लाखांच्या आत बसला. त्यातला मोठा भाग देणग्यांतून आला, बाकी पालांच्या भाड्यातून आणि वाचनालयाच्या शिलकीतून. कपडे आणि वीज सोडली तर जास्त पैसे ध्वनियंत्रणा, कलाकारांचं मानधन आणि फिरत्या स्वच्छतागृहांवर गेले. स्वच्छतागृहांत काटकसर करू नका, बायका त्याच्यामुळंच थांबतात किंवा लवकर घरी जातात.

सोमवारी सकाळी रस्ता झाडून पालिकेच्या स्वच्छता निरीक्षकांची सही घेतली. अनामत रक्कम परत मिळायला हीच सही लागते, त्यामुळं ती त्याच दिवशी घ्या, झाडलेल्या रस्त्याचे फोटोही काढून ठेवा. पालिकेची अनामत जूनमध्ये आली, विजेची ऑगस्टमध्ये. जमाखर्च वाचनालयाच्या फळ्यावर लावला आणि वार्षिक लेखापरीक्षणात धरला.

लुगडी, बंड्या, पटके आणि बिल्ले वाचनालयाच्या दोन कपाटांत आहेत. दुसऱ्या गावाला हवे असतील तर आम्ही देतो, भाडं नाही. धोतरं खळ न घालता धुऊन आणि लुगड्यांच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला ठेवून परत करायची, एवढी अट आहे. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा, आणि पत्रात तुमच्या बाजाराचं साल लिहा, म्हणजे त्यातले कोणते कपडे तुम्हाला चालतील ते काढून ठेवता येतील.